किल्ली कोणाकडून आली

४ जानेवारी

चि. धाकटे यांस,

राजवाड्याच्या शिक्क्याचे पत्र आणि त्याच्या पोटात घातलेली तुमची चिठ्ठी, दोन्ही मिळाली. येत्या फेब्रुवारीत राजकोशपाल म्हणून तुमचे पदग्रहण होणार, त्या दिवशी पाहुण्यांना वाटण्यासाठी या पदाच्या इतिहासाची एक पुस्तिका हवी, आणि ती मी लिहावी अशी सचिवमहाशयांची इच्छा आहे, असे समजले. मी हे काम स्वीकारतो. मानधन नको.

तुमची ताई जाऊन पाच महिने होत आले. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकाला घरात श्रोता उरला नाही म्हणजे तो वृत्तपत्रातील मुद्रणदोषांवर तांबड्या खुणा करीत बसतो. सध्या माझा तेवढाच व्यवसाय आहे. शिवाय या पदाविषयी मला जे ठाऊक आहे ते तिच्याकडून. जेवताना ती एकेका कोशपालाची हकीकत सांगे, मी पुराव्याची विचारणा करी, आणि ती म्हणे, "पुरावा वाढू का पानात?" आता पुरावा मागण्याची इच्छा उरलेली नाही. ती सांगे तसेच लिहिणार आहे.

आरंभ असा योजला आहे. पहिल्या राजाला स्वतःची सवय माहीत होती. हाताला लागेल ते तो पटावर हरून बसे. म्हणून कोशागाराचे कुलूप तयार झाले तेव्हा त्याने लोहाराला बजावले की किल्ली मला देऊ नकोस, तुला ज्याच्या हाती द्यावीशी वाटेल त्याला दे. लोहाराने ती आपल्या शेजाऱ्याला दिली, कारण नेलेली अवजारे न मागता परत करणारा त्या गल्लीत तो एकटाच होता. कोशपालांच्या परंपरेत त्याचे नाव 'शेजारी' एवढेच राहिले. या पदावर येणारा आपले खरे नाव उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि आतले सेवक त्याला नवे नाव देतात, ही प्रथा तेव्हापासूनची. कोशपालाच्या डगल्याला खिसे नसावेत, हा नियमही तेव्हाचाच. पद सुटले की तो डगला दालनातील खुंट्यांच्या रांगेत टांगला जातो.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र किल्लीचा. ती हातातून हातात जाते, राजाच्या हातून कधीही नाही. पदग्रहणाच्या दिवशी म्हातारा दारवान बंद दारासमोर उभा राहून विचारतो, "किल्ली कोणाकडून?" नव्या कोशपालाने मागच्याचे नाव सांगायचे, मग "त्याला कोणाकडून?" असे विचारत विचारत शेवटी लोहारापर्यंत जायचे. साखळी दारवानाला पटली तर तो बाजूला होतो. नाही पटली, तर राजा समोर उभा असला तरी दार बंद.

यानंतर 'बहिऱ्या'चे प्रकरण. त्याच्या काळातील राजाला लढाईची हौस होती. राजाने आत येऊन पैसा मागितला की या कोशपालाला ऐकू येणे बंद होई. राजा ओरडे, तो नम्रपणे म्हणे, "होय महाराज, आज हवा छान आहे." लढाई कधीच झाली नाही. निवृत्तीच्या दिवशी मागून कोणी तरी हळूच 'बहिऱ्या' म्हटले आणि तो वळून हसला म्हणतात.

अखेरचे प्रकरण, 'दोन चष्मे' यांच्यानंतर अकरा वर्षे हे पद सांभाळणाऱ्या व्यक्तीचे, म्हणजे तुमच्या ताईचे. सेवकांनी तिला दिलेले नाव 'खिडकीवाली'. कोंदट कोशागारात मुकुटाच्या मखमलीला बुरशी येते म्हणून तिने छताशी एक गजांची खिडकी पाडून घेतली. खजिन्याला खिडकी म्हणजे चोराला आमंत्रण, असा सचिवांचा आक्षेप होता. ती म्हणाली होती, "चोर येईल तेव्हा येईल साहेब, ओल रोज येतेय." हे वाक्य पुस्तिकेत जसेच्या तसे येईल.

मसुदा सोबत पाठवीत आहे. मातोश्रींना माझा नमस्कार.

तुमचा,
भावोजी


१५ जानेवारी

ती. भावोजी,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. 'चि. धाकटे यांस' आणि पुढे सगळीकडे 'तुम्ही, तुमचे'. आई म्हणाली, "जावईबापू रागावलेत का रे?" म्हटलं, रागावले नाहीत, लिहायला बसलेत. मी शाळेत असताना भूगोलात नापास झालो तेव्हा माझा कान धरून नकाशा पाठ करून घेणारे तुम्हीच ना? तो कान अजून तुमचाच आहे, तेव्हा मला 'तू' म्हणायला हरकत नाही.

मसुदा दालनात सगळ्यांनी वाचला. बहिऱ्याच्या गोष्टीला सचिवसाहेबसुद्धा हसले. मग शेवटच्या प्रकरणावर आले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्याने छत्री उघडावी, असं इथे म्हणतात.

त्यांचं म्हणणं असं, की ताईची नेमणूक कधी झालीच नव्हती. दोन चष्म्यांची नजर गेली, जिन्यात त्यांनी किल्ली जवळ उभ्या असलेल्या मदतनीस बाईच्या हातात दिली, आणि राजवाड्याने योग्य माणूस मिळेपर्यंत चालवून घेतलं. योग्य माणूस शोधायला अकरा वर्षं लागली, त्याला ते काय करणार. ताईचं पदग्रहण नाही, डगला नाही, खुंटी नाही. म्हणून पुस्तिकेत त्या वर्षांपुढे 'पद रिक्त. कारभार राजवाड्याने पाहिला' एवढंच यावं. आणि दारवानाने विचारलं की मी 'दोन चष्म्यांकडून' म्हणावं.

मी काही बोललो नाही असं नाही. पण फार बोललो असंही नाही. भावोजी, तुम्ही इथे राहत नाही. हे घर पदाबरोबरचं आहे. ताईने ते आईला राहायला दिलं तेव्हापासून आई इथे आहे आणि डोळे गेल्यापासून भिंतीला हात लावून ती स्वयंपाकघरात जाते, अंगणात जाते, नळ बंद करायला राहिला की मला शिव्या देत तिथपर्यंत जाते. नवं घर म्हणजे तिला पुन्हा नव्याने आंधळं करणं. सचिवसाहेबांनी मला धमकी दिली नाही. "आईंची तब्येत कशी आहे?" एवढंच विचारलं.

ताईला हे सगळं हसू आलं असतं. ती म्हणायची, मला खुंटी कशाला, मी काय छत्री आहे?

किल्लीची काळजी करू नका. ती व्यवस्थित आहे. त्या भानगडीत तुम्ही पडूच नका.

तुमचा,
धाकट्या


२२ जानेवारी

चि. धाकटे यांस,

शेवटचे प्रकरण गाळले जाणार नाही. बदलले जाणार नाही. 'पद रिक्त' हे शब्द माझ्या लेखणीतून उतरणार नाहीत.

तुमच्या अडचणीची मला जाणीव आहे. मातोश्रींविषयीचा परिच्छेद मी दोनदा वाचला. तथापि सचिवमहाशयांच्या तीनही मुद्द्यांना या पदाच्या इतिहासातच उत्तर आहे, आणि ते मसुद्यातील मधल्या प्रकरणात होते. त्यांनी बहुधा पहिले आणि शेवटचे पानच वाचले. विद्यार्थ्यांमध्येही ही खोड आढळते.

ते प्रकरण 'घाईवाल्या'चे. हा कोशपाल कोशागाराच्या पायऱ्या चढत असताना त्याच्या जोड्याचा बंद सुटला. सोबत त्याची लहान मुलगी होती. तिच्या हातात किल्ली देऊन तो बंद बांधायला वाकला, तो पुन्हा उठला नाही. नव्या राजाच्या माणसांनी मुलीच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली आणि राजाने ती आपल्या मेहुण्याला दिली. दारवानाने विचारले, "किल्ली कोणाकडून?" मेहुणा म्हणाला, "महाराजांकडून." दारवानाने एक स्टूल आणले, दारासमोर ठेवले आणि त्यावर तो बसला.

राज्याभिषेकाची तिथी ठरलेली, परमुलखांतले पाहुणे आलेले, आणि मुकुट आत. राजा बोडक्या डोक्याने सिंहासनावर बसला. त्याला टक्कल आहे हे प्रजेला त्या दिवशी प्रथमच समजले. अखेर हिसकावलेली किल्ली ही दिलेली किल्ली नव्हे, हे राजाला मान्य करावे लागले. ती मुलीला परत मिळाली आणि तिला विचारले गेले की कोणाला देतेस. तिने पायऱ्यांवर वडिलांच्या अंगावर स्वतःचा कोट पांघरणाऱ्या कारकुनाला ती दिली. तोच पुढचा कोशपाल, 'पांघरूण'. आणि ती मुलगी 'एक दिवसाची'. तिचेही पदग्रहण झाले नव्हते. तिलाही कोणी नेमले नव्हते. तरीही पुढच्या प्रत्येकाने दारवानासमोर तिचे नाव घेतले आहे, आणि तिच्या मापाचा चिमुकला डगला रांगेत टांगलेला आहे. तुम्ही तो रोज पाहता.

राजवाडा कोशपाल नेमीत नाही. राजवाडा समारंभ करतो. ज्याच्या हाती किल्ली मनाने दिली गेली आणि ज्याला सेवकांनी नाव दिले, तो कोशपाल. तुमच्या ताईला नाव होते.

आता किल्लीविषयी. ती व्यवस्थित आहे, असे तुम्ही लिहिता. याची मला तुमच्याहून अधिक खात्री आहे, कारण ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

रुग्णालयातून निघताना परिचारिकेने तुमच्या ताईची कमरेची साखळी एका पाकिटात घालून माझ्या हाती दिली. साखळीला ते चामड्याचे म्यान होते आणि म्यानात किल्ली. कोशपालाव्यतिरिक्त कोणी ते उघडू नये असा नियम असल्याने त्या अकरा वर्षांत मी कधी तिच्याकडे ते उघडण्याचा हट्ट धरला नाही, आणि नंतरही उघडलेले नाही. राजवाड्याने किल्लीची विचारणा केली की सन्मानाने परत करू, असे ठरवले होते. विचारणा झाली नाही. तेव्हा मी असे समजतो की सचिवमहाशयांनी लोहाराकडून दुसरी किल्ली घडवून घेतली आणि तीच तुमच्या हाती ठेवली, आणि तुम्ही ती स्वीकारली. याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. मात्र ती किल्ली नव्हे.

साखळी माझ्याकडे तुटली आहे आणि ती जोडणेही माझ्याकडे आहे. पुस्तिकेत तुमच्या ताईचे नाव छापले जाईल आणि दारवानासमोर ते उच्चारले जाईल, तेव्हाच ही किल्ली या घराबाहेर पडेल. तशा आशयाचे पत्र मी आजच सचिवमहाशयांना स्वतंत्रपणे पाठवीत आहे. पोचपावती मागितली आहे.

तुमचा,
भावोजी


२६ जानेवारी

ती. भावोजी,

तुमचं पत्र सचिवसाहेबांनी मला समोर उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाले, "तुमचे भावोजी राज्याचा खजिना ओलीस धरून बसलेत. किल्ली आहे का तुमच्याकडे?" मी दाखवली. ते इतके हसले की शिपाई पाणी घेऊन आला.

मी हसलो नाही. कारण ही किल्ली दुसरी घडवलेली नाही. हीच ती आहे.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. मला तशी शपथ घातली होती. पण तुम्ही गोष्टी या टोकाला आणल्यात, तेव्हा ताई मला माफ करेल, किंवा नाही करणार, मी बघून घेईन.

शेवटचे तीन आठवडे आठवतात ना. एक दिवस तुम्ही डॉक्टरांशी वाद घालायला खाली गेला होतात. रिपोर्टात ताईच्या वयापुढे चुकीचा आकडा होता आणि तो बदलल्याशिवाय तुम्ही सही करणार नव्हतात. ताई म्हणाली, "आता बराच वेळ येत नाहीत ते. दार लोट."

तिने साखळी काढली. म्यानातून किल्ली काढली आणि म्हणाली, "हात पुढे कर, धाकट्या." मी दोन्ही हात केले. तर म्हणाली, "एकच. भीक घेत नाहीयेस." मग ठेवली माझ्या हातावर. मला रडू आलं तर म्हणते, "किल्ली गंजेल."

नंतर उशाखालून दुसरी किल्ली काढली आणि ती म्यानात घातली. मी विचारलं ही कसली. म्हणाली, "घरच्या कपाटाची. यांना सांगू नकोस. साखळी रिकामी दिसली की त्यांना कळेल मी आवरायला घेतलंय. माझ्या तोंडाकडे बघायचा धीर नाही त्यांना, दिवसभर साखळीकडे बघत बसतात. बघू दे."

झालं एवढंच. मी किल्ली खिशात घातली आणि मग आठवलं की खिसा चालत नाही, म्हणून मुठीत धरून घरापर्यंत आलो.

तेव्हा मला किल्ली कोणाकडून आली हे मला माहीत आहे. तुम्ही शिकवायची गरज नाही. माहीत असणं आणि राजवाड्यातल्या सगळ्यांसमोर बोलणं यात जे अंतर आहे, त्यात माझी आंधळी आई बसलेली आहे.

म्यान उघडून बघा.

धाकट्या


८ फेब्रुवारी

ती. भावोजी,

तुमचं उत्तर नाही. शेजारच्या वकीलसाहेबांना फोन केला तर म्हणाले, दिवे लागतात, दूध आत घेतलं जातं, पण वृत्तपत्रं दारात तशीच पडलेली असतात. तुम्ही वृत्तपत्र वाचत नाही म्हणजे मी घाबरलो.

मी फार कडक लिहिलं. राग तुमच्यावर नव्हता.

सचिवसाहेबांनी दारवानाच्या प्रश्नांची उत्तरं छापून एक कार्ड दिलंय. सोनेरी कडा आहे त्याला. दोन चष्म्यांपासून सुरू होतं. दारवानालाही बोलावून समजावलं म्हणे. तो काय म्हणाला ते कोणाला कळलं नाही. तो तसा कमीच बोलतो, आणि यंदा त्याचं निवृत्तिवेतन ठरायचंय.

मी अजून ठरवलेलं नाही. सकाळी एक ठरवतो आणि आई भिंत चाचपत चहा घेऊन आली की दुसरं ठरवतो. तिला काही सांगितलेलं नाही.

तुम्ही याल का समारंभाला? पंधरा तारखेला आहे. आमंत्रण मी पाठवणार होतो, पण सचिवसाहेबांनी यादीतून तुमचं नाव काढलंय.

धाकट्या


११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझी दोन्ही पत्रे समोर आहेत. उत्तरास विलंब झाला.

म्यान उघडले. किल्ली आपल्या कपाटाचीच आहे. तिला लोखंडी चपटी कडी आहे आणि कडीला निळा दोरा. तो मीच कधी तरी बांधला होता. साडेपाच महिने मी ती राज्याची किल्ली म्हणून जपली. खणाला कुलूप लावून त्या कुलपाची किल्ली उशाशी ठेवीत होतो.

डॉक्टरांच्या कागदावरचा आकडा चुकीचाच होता, हे नमूद करतो. तिच्या तोंडाकडे न पाहण्याविषयी ती जे म्हणाली, त्याबाबत नमूद करण्यासारखे काही नाही.

कपाट तिचे होते. ती गेल्यापासून ते बंद होते आणि किल्ली हरवली अशी माझी समजूत होती. परवा उघडले. तिचे कपडे घड्या घातलेले होते. सर्वांत मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक काळा डगला होता. प्रथम मला वाटले की माझाच एखादा जुना कोट असेल, म्हणून खांदे हातांवर धरून पाहिला. खांदे अरुंद होते. घडी मोडून मी खिसा तपासायला गेलो. कपडा धोब्याकडे देण्यापूर्वी मी खिसे तपासतो, ती माझी सवय आहे. हात उजव्या बाजूने खाली गेला आणि खिसा सापडला नाही. मग डावीकडे. मग आत. कुठेच नव्हता.

डगला खिडकीपाशी नेऊन पाहिला.

शिंपीकाम चांगले आहे. गळ्यापाशी किंचित फिका पडला आहे, म्हणजे तो घालून पाहिलेला आहे, आणि एकदाच नव्हे. मी व्याख्यानांसाठी बाहेर असताना आरशासमोर उभी राहत असावी. मला म्हणाली नाही. मी पुरावा मागितला असता.

खुंटीची तिला गरज नव्हती असे ती तुला सांगत आली, आणि मलाही. तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यात आपण दोघांनीही फार तत्परता दाखवली.

डगला सोबतच्या पार्सलात आहे. त्याचे काय करायचे हे मी सांगणार नाही, आणि तू दारवानाला काय उत्तर द्यायचे हेही नाही. तू ज्या भिंतीविषयी लिहिलेस तिला हात लावत चालणाऱ्या माणसाची जबाबदारी तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही. इथे बसून शूरपणा करणे सोपे आहे. तू कार्डावरचे वाचलेस तरी तुझ्याशी माझे नाते बदलणार नाही.

माझ्यापुरते मात्र ठरले आहे. पुस्तिका राजवाड्याला मिळणार नाही. ती मी स्वतः छापतो आहे. शेवटचे प्रकरण पुन्हा लिहिले. पूर्वीपेक्षा लांब झाले आहे.

या घरात मातोश्रींसाठी तळमजल्यावरची खोली रिकामी आहे. भिंती सरळ आहेत. दारापासून नळापर्यंत हाताला लागेल असा लाकडी कठडा बसवायला मी कालच सुताराला सांगितले. तो बसेलच, कोणी येवो वा न येवो.

तुझा,
भावोजी


१७ फेब्रुवारी

ती. भावोजी,

ऐका.

समारंभाच्या सकाळी मी आईला सगळं सांगितलं. घर जाईल, असंही सांगितलं. ती म्हणाली, "जावईबापूंनी कठडा कोणत्या हाताला बसवलाय?" म्हटलं, विचारलं नाही. "विचार," म्हणाली, "मी डाव्या हाताने चालते." मग तुमच्या पार्सलातला डगला मांडीवर घेऊन तिने हाताने सगळा चाचपला, बाह्या, गळा, शिवण, आणि म्हणाली, "माप बरोबर आहे."

दालन भरलं होतं. महाराज मधोमध, बाजूला सचिवसाहेब. दारवान दारासमोर. मी माझा डगला घातलेला, आणि हातावर ताईचा घडी करून घेतलेला. सचिवसाहेबांना वाटलं, मला थंडी वाजते म्हणून जादा आणलाय. कार्ड कुठे ठेवलं म्हणाल, तर खिसा नाही ना डगल्याला. घरीच राहिलं.

दारवानाने विचारलं, "किल्ली कोणाकडून?"

मी म्हटलं, "खिडकीवालीकडून."

सचिवसाहेबांनी चष्मा काढला. ते दारवानाकडे बघत होते, मी दारवानाकडे बघत होतो, आणि दारवान माझ्या मुठीकडे. त्याच्या मागे ते स्टूल होतं. तो बसला असता तर संपलं होतं. त्याने खाकरून घसा साफ केला आणि ठणठणीत आवाजात विचारलं, "आणि खिडकीवालीला कोणाकडून?"

मग मी थांबलोच नाही. दोन चष्म्यांकडून. त्यांना मांजरवाल्याकडून. एक दिवसाची आली तेव्हा मागे कोणी तरी, बहुतेक झाडणारी मावशी, "बरोबर" म्हणाली. बहिरा, शेजारी, लोहार. दारवान बाजूला झाला आणि मी कुलूप उघडलं. आत खिडकीतून ऊन पडलं होतं, मुकुटाच्या बरोबर शेजारी. महाराजांनी वर खिडकीकडे पाहिलं, बराच वेळ.

बाहेर आल्यावर दारवानाने माझ्या हातावरचा डगला न विचारता घेतला आणि खुंट्यांच्या रांगेत, दोन चष्म्यांच्या पुढे, टांगला. खुंटी तिथे आधीपासून होती. मी रोज तिथून जातो आणि कधी पाहिली नव्हती. कोणी ठोकली विचारलं तर दारवान म्हणाला, "असते एक जादा."

आज सचिवसाहेबांचं पत्र आलं. माझ्या नेमणुकीचा पुनर्विचार चालू आहे, तोवर किल्ली राजवाड्यात जमा करावी. मी लगेच लेखी उत्तर दिलं. लिहिलं, "आज हवा छान आहे."

घराची नोटीसही येईलच. आई सामान बांधते आहे आणि प्रत्येक भांडं मला ओळखून दाखवते आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे. ती कोणाला द्यायची हे मी ठरवीन. तोवर त्यांनी हवं तर दार फोडावं.

एक राहिलं. सेवकांनी मला नाव दिलं. काल झाडणाऱ्या मावशीने पहिल्यांदा हाक मारली, आणि आता सगळेच म्हणतात. 'बहिणीचा'.

तुमचा,
धाकट्या


२१ फेब्रुवारी

प्रिय बहिणीचा यास,

सप्रेम आशीर्वाद.

कठडा उजव्या हाताला बसवला होता. सुताराला परत बोलावले आहे. आता दोन्ही बाजूंना होईल. मातोश्रींना कळव की नळ मात्र उजवीकडेच राहणार, त्याला इलाज नाही.

पुस्तिका छापून आली. मुद्रणदोष आहेत, मी हाताने दुरुस्त करतो आहे. एक प्रत दारवानाला, एक झाडणाऱ्या मावशीला, आणि एक महाराजांना पाठवली आहे. शेवटच्या प्रकरणात आता आणखी एक नाव वाढले, त्यापुढची जागा कोरी ठेवली आहे.

सचिवमहाशयांचे मलाही पत्र आले. हस्तलिखित ही राजवाड्याची मालमत्ता असून ते तत्काळ परत करावे, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल, असा आशय आहे. त्यांच्या पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या; त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून मी पत्र परत पाठवले. खाली आदरपूर्वक कळवले की आमच्याकडेही हवा उत्तम आहे, आणि घरातील सर्व खिडक्या उघड्या ठेवण्यात आल्या आहेत.

तुझा,
भावोजी